गेटाबाहेरची सासू

वडवणीच्या पंचशीलाचं लग्नाआधीपासून एकच म्हणणं होतं, आपण सिस्टर आहोत, सिस्टरच राहू. बीडच्या एका दवाखान्यात लेबर रूममध्ये तिनं पाच-सहा वर्षं काढली. अडलेल्या बाळंतिणीला धीर द्यावा तो पंचशीलानंच, असं तिथल्या आयाही म्हणत. मग तिचं स्वतःचं बाळंतपण आलं. दवाखान्यानं रजा दिली, पेढे मागून खाल्ले आणि तिची पाठ वळताच तिच्या जागी दुसरी पोरगी बसवली. ती विचारायला गेली तर डॉक्टर हसून म्हणाले, "आता लेकरू सांभाळा की सिस्टर!" गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्य ठणठणीत होता, मेली ती सिस्टर.

पंचशीला गप्प बसणारी नव्हती. पण लेक आम्रपाली सात महिन्यांची, अंगावर पिणारी. वाटी-चमच्यानं पाजायला गेलं की सगळं दूध फुर्रकन पाजणाऱ्याच्या तोंडावर. पूर्ण दिवसाची ड्यूटी जमणं शक्यच नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं, अर्ध्या दिवसाचं काम बघायचं. तिचा नवरा शहादेव पेट्रोल पंपावर कामाला. तो म्हणाला, "आत्ताच कावून? वरीसभर थांब की."

"वरीसभरानं मला कुणी सलाईन बी लावू द्यायचं न्हाई," पंचशीला म्हणाली. "हाताची सवय मोडली की मोडली."

तिला भीती होती ती एवढीच, आणि ती खरी होती. तिच्यासोबत शिकलेल्या दोघी-तिघी अशाच लेकरामागं घरी बसल्या होत्या. आता त्यांना कुणी सिस्टर म्हणत नव्हतं.

सासू सरूबाई मध्ये पडली. "जाऊ दे की तिला. एसटीनं बायांना अर्ध्या तिकिटात बसवलंय, मंग दवाखान्यावाल्यांना अर्ध्या ड्यूटीत बसवायला काय धाड भरली? मी येते संगं. तू आत बोल, मी भायेर पोरगी धरते."

आता सरूबाई संगं येते म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. बाई मनानं सोन्यासारखी, पण कुठं गप्प बसावं हे तिला कधी उमगलं नाही. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर पंचशीलाला विचारत होते, "अर्धा दिवस? पेशंट काय अर्धा दिवस आजारी पडतो का?" ती उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर दार ढकलून सरूबाई आत. "पंचे, लई रडायलीय गं ही. आधी पाज, मंग बोल." डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. दुसरा दवाखाना मोठा, काचेचा. टाय लावलेल्या एका पोरानं विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" पंचशीला खरं तेच बोलली, "वडवणीला." एवढ्यात वॉचमन आला, दोन बोटांत ओला लंगोट धरून. बाहेरच्या मऊ खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला होता. "हा कुणाचा हाय?" तिथलाही विषय संपला.

घरी आल्यावर पंचशीला रडली. शहादेव म्हणाला, आईला नेऊ नको. पण आईला नाही न्यावं तर पोरीला कोण धरणार? आणि पोरीला नाही न्यावं तर ती तोवर उपाशी. इकडं आड, तिकडं विहीर.

तिसऱ्या वेळी एसटीतून उतरल्या उतरल्या पंचशीलानं सासूला बजावलं, "आत्या, आज गेटाबाहेर लिंबाखाली बसायचं. आत यायचं न्हाई. कुणी इचारलं तर माझी सासू हाय म्हणून सांगायचं न्हाई."

"म्हंजे मी तुझी कोणीच न्हाई?"

"आजच्या दिस."

"बरं बाई," सरूबाई म्हणाली आणि झोपलेली पोर खांद्यावर टाकून लिंबाकडं निघाली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार हा. पण अडलेल्या माणसाला एवढं सुचत नाही.

हा दवाखाना बाळंतपणाचा. चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक, पण कामाचं तेवढं विचारणाऱ्या. बाळ आडवं असलं तर काय करता, रक्त थांबेना तर आधी कुणाला हाक मारता, असं विचारत गेल्या. पंचशीलाची जीभ मोकळी झाली. किती दिवसांनी कुणीतरी तिला तिच्या कामाचं विचारत होतं! बाई म्हणाल्या, "सकाळची पाळी देता येईल, दुपारपर्यंत. बाळ कुठं असतं?"

"घरी, वडवणीला," पंचशीलानं ठोकून दिलं.

"सांभाळतं कोण?"

"सासूबाई."

"खात्रीच्या आहेत ना? नाहीतर रोज फोन येतात, बाळानं हे खाल्लं, बाळाला ते चाटवलं."

 पंचशीलाला आठवली ती मधाची बाटली. आम्रपालीला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी सरूबाई बोटाला मध लावून उभी होती, जीभ गोड व्हावी म्हणून नातीला चाटवायला. "शहादेवला चाटवला, त्याच्या बापाला चाटवला, मेलं का कुणी?" पंचशीलानं बाजेवरून उठून बाटली हिसकली आणि सरळ गल्लीत फेकली. त्यानंतर सासू लई दिवस तिच्याशी बोलली नव्हती. ती आठवण गिळून पंचशीला म्हणाली, "खात्रीच्या आहेत."

तेवढ्यात आया धावत आली. "मॅडम, वॉर्डात चला. कुणी भायेरची म्हातारी घुसलीय, मधाची बाटली घेऊन भांडायलीय."

पंचशीला बाईंच्या आधी उठली. दोघी वॉर्डात आल्या. कोपऱ्यातल्या खाटेवर रात्री बाळंत झालेली पोरगी, कुशीत ओरडणारं बाळ, शेजारी तिची आई. आणि मधोमध सरूबाई! एका खांद्यावर पदराखाली झोपलेली आम्रपाली, दुसऱ्या हातात मधाची बाटली.

"कोण आहात तुम्ही?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "कुणी सोडलं आत?"

"पानी प्यायला आलते," सरूबाई म्हणाली. तिनं पंचशीलाकडं बघितलं आणि पुढं काही बोलली नाही.

बाई पंचशीलाकडं वळल्या. "ओळखीच्या आहेत का तुमच्या?"

"नाही मॅडम," पंचशीला म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मागोमाग तिला राग आला, सासूचाच. एवढं बजावून सांगितलं, तरी हिची मधाची खोड जाईना! मिळत आलेलं काम पुन्हा मुसळासारखं केरात! तिनं पुढं होऊन सरूबाईच्या हातातली बाटली काढून घेतली आणि दवाखान्याच्या खास आवाजात सुनावलं, "आजी, तान्ह्या लेकराला मध चाटवायचा नसतो. लेकराच्या जिवावर बेततं. तुमच्या घरी कुणी सांगितलं नाही का?"

सरूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं सिस्टर." आणि पोरीवरचा पदर नीट करून बाहेर निघून गेली.

खाटेशेजारची बाई उठून उभी राहिली. "आवो सिस्टर, त्या माऊलीला कावून बोलता? मध माझा हाय. मी नातवाला चाटवायले तर तिनं हातातून हिसकून घेतला. म्हणली, बये, येडी का खुळी? माझी सून सिस्टर हाय, तिनं मला बोट बी लावू दिलं न्हाई, आन बघ माझी नात कशी टुणटुणीत हाय. लई बोलली मला. पर खरं बोलली."

वॉर्डात सगळ्या बायांनी माना वळवल्या. पंचशीलाच्या हातात बाटली तशीच होती. लाज वाटणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी नीट कळलं.

"सून सिस्टर आहे म्हणे त्यांची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठं असते?"

"मीच ती, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे बाळ वडवणीला नाही."

"नाही. ते त्यांच्या खांद्यावर होतं, तेच."

"मला खोटं बोललेलं चालत नाही, सिस्टर."  बाई जाता जाता थांबल्या. "आठ दिवस बघते. उद्या सकाळी या. आणि त्यांना गेटाबाहेर बसवू नका, मागं खोली आहे. मधल्या वेळेत बाळाला पाजून घेत जा."

म्हणजे काम मिळालं. पंचशीला पळतच गेटाबाहेर आली. लिंबाखाली कुणी नव्हतं. सरूबाई स्टँडवर पोचली होती आणि वडवणीच्या गाडीत खिडकीशी बसली होती. आम्रपाली जागी होऊन खिडकीच्या गजाला चाटत होती. पंचशीला शेजारी बसली, पोरीला मांडीवर घेऊन पाजलं.

"आत्या, मिळालं काम," ती म्हणाली. सरूबाई बाहेर बघत होती. "आत्या, चुकलं माझं. मला वाटलं, मध तुमीच..." सरूबाई बाहेरच बघत होती. आता उद्या सकाळी हिनं पोरगी धरली नाही तर काम मिळून न मिळाल्यासारखंच. पण पंचशीलाला कामाचं नंतर आठवलं. आधी तिला ते "चुकलं सिस्टर" आठवलं आणि डोळे भरून आले.

पोर पिऊन झाली तशी सरूबाईनं न बोलता तिला आपल्या मांडीवर ओढलं, तोंड पुसलं. कंडक्टर आला. "मावशी, दोघींचं एकत्रच ना?"

"न्हाई," सरूबाई म्हणाली आणि कमरेची पिशवी सोडली. "येगळं फाडा. ही बाई माझ्या वळखीची न्हाई."

कंडक्टरनं एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. "आन लेकरू कुणाचं?"

"लेकरू माझं," सरूबाई म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीला बी हेच लेकरू घेऊन यायचंय मला. जागा धरून ठेवा."