बाल्कनीचे कलम

“तारेनं सांगितलं का तुम्हाले, का मी मेले म्हणून?”

जमिनीवर पडलेल्या विजेच्या तारेजवळून कोणी जाऊ लागला, की आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ हा प्रश्न विचारत आणि वाट अडवून उभे राहत. तार निर्जीव आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी जाणाऱ्यावर, हा त्यांचा दंडक. मी नागपूरच्या कामगार न्यायालयात तीस वर्षे वकिली केली. पुराव्याच्या भाराची इतकी निर्दोष मांडणी मी फार थोड्या न्यायाधीशांकडून ऐकली आहे.

ते वऱ्हाडातले, वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. पत्नी वारल्यावर अमेरिकेत मुलाकडे आले. मीही मुलाकडेच राहत असे. शॉमबर्ग शहरापासून दोन तासांवरच्या एका लहान गावातील अपार्टमेंटमध्ये ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. कॉलिंग कार्ड नाण्याने खरवडून भारतात फोन लावण्याचा तो काळ. आकडे मी वाचायचे आणि बटणे त्यांनी दाबायची, अशी आमची वाटणी होती.

त्यांच्या मृत्यूबद्दल सरकारी कागदात एक शब्द लिहिला गेला: अज्ञान. तो शब्द चुकीचा आहे. तो तसाच राहिला याला मी जबाबदार आहे.

वाचकहो, तोंडी शब्दावर विश्वास न ठेवणारी माणसे आपणही पाहिली असतील. यांच्या अविश्वासाला कारण होते. तरुणपणी एक सोबती “लाइन बंद केली” एवढे ऐकून खांबावर चढला. “मंग आम्ही त्याले खाली उतरवलं,” एवढेच ते सांगत. त्यानंतर लाइन बंद असल्याचे लेखी परमिट हातात आल्याशिवाय त्यांनी तारेला बोट लावले नाही. ही सवय अमेरिकेतही सुटली नाही. डॉक्टरांनी लोणचे वर्ज्य केले, तर यांनी मुलाला विचारले, “लेखी आहे का?” मुलाने कंटाळून फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली. त्या दिवसापासून लोणचे बंद.

त्या हिवाळ्यात बर्फाळ पाऊस झाला. फांद्यांवर काचेचे कवच चढले आणि पहाटेपासून त्या मोडू लागल्या. सकाळी सारे गाव वीजहीन झाले. आमच्या घरांत चूल, हीटर, गरम पाणी सारेच विजेवर. गावाने शाळेत निवारा उघडला. माझा मुलगा आणि सून तिकडे गेले; लाइनमनचा मुलगा त्या आठवड्यात कामासाठी परगावी होता. मी गेलो नाही, कारण वीज कंपनीविरुद्ध तक्रार लिहायची होती. ते गेले नाहीत, कारण पार्किंगमध्ये तार पडली होती.

मुलाच्या लाल टॉवेलचा झेंडा करून त्यांनी तो बर्फ उपसण्याच्या फावड्याला बांधला आणि तारेपासून तीस-पस्तीस फुटांवर उभे राहिले. कुत्रे घेऊन एक गोरी बाई आली. “नो, मॅडम. डेंजर. गो राउंड.” बाई वळली, कुत्रे वळेना, तेव्हा त्यालाही त्यांनी मराठीत समज दिली. मग आमच्याच इमारतीतला पुण्याचा एक तरुण इंजिनिअर आला.

“काका, पूर्ण टाउनची पॉवर गेलीय यार. लाइन डेड आहे.”

“तारेनं सांगितलं का तुम्हाले?”

“अहो, पण करंट येणार कुठून?”

“पलीकडच्या गल्लीत कोणी जनरेटर घरच्या वायरिंगले जोडला, तर हीच तार उलटी मारते. जा, गाडी राहू द्या. पायी मुकाट्यानं शाळेत जा.”

तरुण पुटपुटत गेला, पण लांबून गेला.

मी कंपनीला सात वेळा फोन केला. प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रित आवाजाने माझ्या सहनशीलतेबद्दल आभार मानले. माझ्याकडे सहनशीलता नव्हती. मी खिडकीपाशी बसून, हातमोजे घालून, तीन पानी तक्रार लिहिली. दुपारी तीनच्या पुढे कंपनीची गाडी आली. सहा तास उभे राहिलेले हे गृहस्थ वर निघाले, तेव्हा त्यांना जिन्याचा कठडा धरता येत नव्हता. बोटे मिटत नव्हती.

थोड्या वेळाने वरच्या बाल्कनीतून कोळशाची पिशवी फाडल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन वर पाहिले. मुलाची मांस भाजण्याची ग्रिल त्यांनी ओढून मध्ये आणली होती. ते तिला शेगडी म्हणत.

“काय करता?”

“शेगडी पेटवतो जी. हात शेकतो, चहा टाकतो.”

सहा आठवड्यांपूर्वी, बाल्कनीत पंचा वाळत घातल्याबद्दल अपार्टमेंटच्या व्यवस्थापनाने मला नोटीस धाडली होती. तिला उत्तर देण्यासाठी मी भाडेकराराचे प्रत्येक कलम पाठ केले होते.

“बाल्कनीत कोळसा पेटवायला मनाई आहे. तुमच्या मुलाला घर सोडावे लागेल.”

“लेखी आहे का, वकीलसाहेब?”

“लेखी आहे.”

त्यांनी हातातली काडीपेटी खाली ठेवली.

“घरात पेटवायची नाही, असं लिहिलं आहे का?”

मी करार मनात चाळला. ग्रिलचा उल्लेख एकाच कलमात होता, आणि त्या कलमात फक्त बाल्कनी होती.

“नाही. तसे लिहिलेले नाही.”

“मंग झालं,” ते म्हणाले आणि ग्रिल आत ओढू लागले. मी माझ्या तक्रारीकडे परतलो.

वऱ्हाडात थंडीच्या दिवसांत ते घरातच शेगडीशी बसत. त्या घराला कौले होती आणि कौलांत फटी होत्या. इथे त्यांच्या मुलाने हीटरची ऊब टिकावी म्हणून खिडक्यांवर प्लास्टिक चिकटवले होते, आणि दाराखाली रबराची पट्टी होती. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र दुकानात मिळते; आमच्या इमारतीत ते एकाही घरात नव्हते. हे सर्व मी नंतर शिकलो.

संध्याकाळी तक्रार वाचून दाखवायला मी वर गेलो. दार उघडले नाही. मॅनेजर किल्ली घेऊन आला. ते ग्रिलजवळ खुर्चीत बसलेले होते. चहाचा कप अर्धा प्यालेला.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने मला विचारले, “ग्रिल आत नेताना तुम्ही पाहिली का?” मी म्हणालो, “हो.” साक्षीदारांना मी आयुष्यभर शिकवले होते, की विचारले तेवढेच सांगा. त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. मी पुढचे उत्तर दिले नाही.

त्यानंतर मी कंपनीला, व्यवस्थापनाला आणि राज्याच्या वीज आयोगाला मिळून एकोणीस पत्रे लिहिली. तार सहा तास का पडून राहिली, घरांत सूचक यंत्रे का नव्हती, करारात घराच्या आतील ग्रिलबद्दल अवाक्षर का नव्हते, असे प्रश्न मी कलमवार विचारले. त्यांपैकी एकाही पत्रात त्या दुपारचा आमचा संवाद नाही.

वसंतात त्यांच्या मुलाने नोकरी बदलली आणि तो दूरच्या राज्यातल्या चँडलर शहरी निघाला. गाडीत सामान भरताना मी जवळ उभा होतो. तो म्हणाला, “काका, एक कळत नाही. बाबा इतके केअरफुल. लाइनवर चाळीस वर्षं काढली. एवढी सिली मिस्टेक कशी केली? मी ऑफिसात कोणाला सांगतसुद्धा नाही, लाज वाटते.”

तेव्हा मी सांगितले. त्यांचा प्रश्न आणि माझे उत्तर, शब्दशः. आरोपी कबुली देतो तसे सरळ, कारणे न जोडता.

तो ऐकून गाडीत बसला. त्याने पट्टा लावला, आरसा नीट केला. मी शिक्षेची वाट पाहत होतो. शेवटी त्याने काच खाली केली.

“म्हणजे बाबांनी विचारलं होतं,” तो म्हणाला.

“विचारलं होतं.”

त्याने मान हलवली, काच वर केली आणि गाडी सुरू केली.