बद्रीच्या डोक्यावरचा हात

बन्सीला मी अजून माफ केलेलं नाही. तो माझा कुणी लागत नाही, त्यानं माझं काही घेतलेलं नाही, उलट रस्त्यात भेटला की आजही वाकून "नमस्कार, बाई" म्हणतो. मी मान हलवते आणि पुढं जाते. माझा राग त्याच्या आईच्या वतीनं आहे. आईनं स्वतः तो किती धरला ते मला माहीत नाही. मी मात्र तिच्या वाट्याचाही धरून बसले आहे.

त्याची आई म्हणजे चतुराबाई. बजाजनगरातल्या आमच्या बालवाडीत त्या मदतनीस होत्या आणि मी शिक्षिका. संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे आणि बजाजनगर नुकतं कुठं वसत होतं. एकाला एक लागून खोल्या, आज येईल की उद्या याचा भरवसा नसलेला पाण्याचा टँकर, आणि कन्नड-वैजापूरकडून कंपन्यांत कामाला आलेली तरुण जोडपी. म्हातारं माणूस औषधालाही सापडायचं नाही. त्यामुळं कन्नडच्या पलीकडच्या एका खेड्यातून लेकासोबत राहायला आलेल्या चतुराबाई साऱ्या गल्लीच्या आईही झाल्या आणि सासूही. बाळंतिणीला शेक द्यायचा असो की तान्ह्याला न्हाऊ घालायचं असो, हाक जायची ती चतुरामावशीलाच.

बोलणं फटकळ. माझ्या साडीला खडू लागलेला दिसला की म्हणायच्या, "बाई, अख्खा फळाच नेसून आलात काय आज?" मुलांना दटावायच्या आणि लगेच पदरानं त्यांचं नाक पुसायच्या. त्यांच्यापुढं कुणी फार शहाणपणा केलेला त्यांना खपत नसे, मग तो माझा का असेना.

पण एका गोष्टीची त्यांनी कधी थट्टा केली नाही, ती म्हणजे खोकला. त्यांची पहिली मुलगी गावाकडं डांग्या खोकल्यानं गेली होती. गाढविणीचं दूध पाजलं, गळ्यात ताईत बांधला, मांत्रिकाकडून अंगारा आणला. खोकता खोकता पोरीचा आत गेलेला श्वास बाहेर आलाच नाही. हे सांगताना त्यांचा आवाज रडवेला व्हायचा नाही, चिडका व्हायचा. "तव्हा सुई नव्हती, बाई. आता हाय, आन ह्या बाया पोरं घेऊन खोलीला कडी लावून बसतात. काय म्हनावं ह्यांना?"

सुई म्हणजे ट्रिपलची. दर महिन्याला सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर बर्फाचा डबा घेऊन आमच्या बालवाडीत यायच्या. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात, तिन्हींवर एकच लस. बाया यायला तयार नसत. सुईनं ताप येतो, मांडीला गाठ धरते, पोर पाय टेकवत नाही. पुरुषांच्या मनात तर अजून नसबंदीच्या दिवसांची धास्ती होती. सरकारी सुई म्हटली की त्यांना भलतंच आठवायचं. चतुराबाई दारोदार जायच्या, समजावायच्या, शेवटी दोन शिव्या हासडून एखादीला हाताला धरून घेऊन यायच्या.

त्यांचा नातू बद्री तान्हा असताना त्याची पहिली सुई त्यांनी गल्लीदेखत घेतली. स्वतःच्या मांडीवर धरून. त्या रात्री पोराला ताप भरला, मांडी टम्म सुजली, रडून रडून त्यानं घर डोक्यावर घेतलं. बन्सी त्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत राहिला. पुढच्या महिन्यात सिस्टर यायच्या आदल्या दिवशी तो आईला म्हणाला, "इथल्या सिस्टरचा हात लई जड हाय, माय. मी बद्रीला घाटीत नेतो. तिथं मोठे डॉक्टर असतात."

घाटी म्हणजे शहरातला मोठा सरकारी दवाखाना. चतुराबाईंना केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी बालवाडीत आल्या त्या मिरवतच. "लेकाला लेकराची काळजी हाय, बाई. कंपनीला खाडा मारून गेलाय." बन्सी आणि त्याची बायको सरू बसनं गेले, संध्याकाळी परतले. बद्रीच्या मांडीला चिकटपट्टीखाली कापसाचा बोळा होता. चतुराबाईंनी कोमट कपड्यानं शेकलं. पोरगं हसत होतं. त्यानंतरची सुईही घाटीत झाली आणि दीड वर्षाची सुईही. दर वेळी बोळा, दर वेळी शेक, आणि दर वेळी गल्लीभर कौतुक. "आमचा बद्री लई धीराचा. हूं का चूं नाय."

बद्री बालवाडीत यायला लागला त्या वर्षी कुठूनतरी आवई उठली की सुई दिलेलं एक पोर दगावलं. कुठलं, कुणाचं, कुणालाच सांगता येईना, पण बाया बिथरल्या. मी आयांना निरोप द्यायला गल्लीत गेले होते, तेव्हा चतुराबाईंच्या दारात त्यांचा घोळकाच उभा. पुढं दगडाबाई. तिची मुलगी बद्रीच्याच वर्गात, दोघं एकमेकांच्या घरातच वाढल्यासारखी. आणि तिला पुन्हा दिवस गेलेले.

"मावशी, खरं सांगा," ती म्हणाली. "तुमच्या बद्रीला समद्या सुया दिल्यात, का आमच्याच पोरांवर करून बघता?"

चतुराबाईंनी खेळणाऱ्या बद्रीला ओढून जवळ घेतलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या लेकराची शपथ. समद्या दिल्यात. खोटं बोलत असंन तर..." पुढं त्या बोलल्या नाहीत. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेचं पुढचं वाक्य कुणी उच्चारत नाही. ते सगळ्यांना ठाऊक असतं.

बन्सी पाळीवरून आला होता आणि उंबऱ्यात उभा राहून तोंड धूत होता. त्यानं सगळं ऐकलं. मग तो टॉवेलनं तोंड पुसू लागला आणि पुसतच राहिला. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? लेकराची शपथ चाललीय आणि त्याचा बाप गप्प उभा आहे, म्हणजे ती खरीच असणार. बायांनीही हेच धरलं. त्या महिन्यात दगडाबाईनं मुलीला पहिल्यांदा आणलं आणि तिच्यामागं बाकीच्याही आल्या.

थंडी पडली आणि बालवाडीत खोकला आला. सुरुवात बद्रीपासूनच. आधी साधी सर्दी वाटली. मग एके दिवशी गाणं चालू असताना त्याला उबळ आली ती थांबेचना. तोंड लाल, मग जांभळं, डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबलेली, आणि शेवटी हवेसाठी ओढलेला तो लांब, घोगरा श्वास. नंतर ओकारी. माझ्या हातातली टाळी तशीच राहिली. चतुराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. तो आवाज त्यांनी आधी ऐकलेला होता.

पाठोपाठ आणखी मुलं. ज्यांच्या सुया झाल्याच नव्हत्या किंवा नुकत्या सुरू झाल्या होत्या, ती जास्त. दगडाबाईला मुलगा झाला होता, तो तर अजून सुईच्या वयाचाही नव्हता. बद्री दिवसभर त्याच्या पाळण्याशी खेळायचा. त्या तान्ह्याला खोकताही येईना, श्वासच थांबायचा. त्याला घाटीत नेऊन प्राणवायूवर ठेवलं.

त्या महिन्यात सिस्टर आल्या तेव्हा बालवाडीत एकही आई आली नाही. मी घरोघर गेले. सगळीकडं एकच उत्तर. मावशीच्या बद्रीला समद्या सुया झाल्या, आन आधी त्यालाच झाला. मग सुई घेऊन करायचं काय? ह्यावर मी काय बोलणार? हिशेब त्यांच्या बाजूनं चोख होता. कधीकधी लस घेऊनही आजार होतो, पण बेतानं होतो, असं काहीतरी मी पुटपुटले. मलाच ते पोकळ वाटलं. गल्लीत अर्धवट सुया झालेली कितीतरी तान्ही पोरं होती आणि खोकला दारात उभा होता. सिस्टर दुपारपर्यंत थांबल्या आणि डबा उचलून निघून गेल्या.

"बाई," चतुराबाई मला म्हणाल्या, "सुई खोटी का माझं नशीब खोटं?"

संध्याकाळी मी बद्रीला बघायला त्यांच्या खोलीवर गेले. मी बसले असतानाच त्याला उबळ आली. चतुराबाईंनी त्याला पुढं वाकवून धरलं, पाठ चोळली, श्वास परतल्यावर त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. तशी कोपऱ्यात उभी असलेली सरू किंचाळली.

"हात काढा! आत्याबाई, त्याच्या डोक्यावरून हात काढा!"

 सरू खालीच बसली आणि रडत बोलू लागली. सुया दिल्याच नव्हत्या. चतुराबाईंनी मांडीवर धरून घेतलेली तेवढी एक. घाटीत ती दोघं कधी गेलीच नाहीत. दर वेळी शहागंजात उतरायचं, चहा घ्यायचा, औषधाच्या दुकानातून कापूस आणि चिकटपट्टी घ्यायची आणि घरी यायच्या आधी पोराच्या मांडीला लावायची. "ह्यांनी मला आन घातली व्हती, बोलायचं नाय म्हनून. तुम्ही खोटी शपथ घेतली, आत्याबाई, आन ती ह्याला लागली."

चतुराबाईंचा हात डोक्यावरून निघाला आणि मांडीवर पडला. मी घाईनं म्हणाले, शपथेनं कुणाला खोकला होत नाही, तो जंतूंनी होतो, सुया झाल्या नव्हत्या म्हणून झाला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला कळतं ते, बाई. मी काय येडी हाय? पन माझा लेक तर शपथ मानतो. आन तरी त्यानं मला ठिवू दिला हात."

तेवढ्यात बन्सी आला. सरूचा चेहरा बघूनच त्याला उमगलं. त्यानं नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगते.

"मला त्याचा ताप बघवला नाय, माय. कसा वरडला व्हता त्या राती. आन तुला नको म्हनलं असतं तर तू ऐकनार व्हतीस का?"

"नसते ऐकले. म्हनून कापूस लावलास, बरं. पन मी हात ठिवला तव्हा तू उंबऱ्यात व्हतास."

"व्हय."

"नुसतं 'माय, थांब' म्हनायचं व्हतं."

"चार बायांत तुझी मान खाली गेली असती."

"माझ्या मानेसाठी तू पोरगं टांगलंस?"

बन्सीनं दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आता गप ऱ्हा. बद्री बरा व्हतोय. दगडाबाईचं लेकरू घाटीत पडलंय, तिच्या नवऱ्याला कळलं तर तो मला जित्ता सोडनार नाय."

चतुराबाईंनी माझ्याकडं बघितलं. "बाई, मी गप ऱ्हायले तर बाया येतील का सुईला?"

मी खोटं बोलू शकले नाही. "नाही येणार," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. सगळ्या गल्लीच्या बाया घागरी, बादल्या घेऊन जमलेल्या. चतुराबाई रिकाम्या हातानं आल्या आणि नळीपाशी उभ्या राहिल्या.

"आयका," त्या म्हणाल्या. "माझ्या बद्रीला सुया नव्हत्या. बन्सीनं दिल्या नाय आन मला खोटं सांगितलं. मी तुमच्याम्होरं खोटी शपथ घेतली. तुमच्या लेकरांना सुया द्या. सुई खोटी नाय, माझं घर खोटं निघालं."

 घागर भरून पाणी वाहत होतं, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी दगडाबाईचा नवरा बन्सीच्या दारावर गेला, दोघांची झोंबाझोंबी झाली, लोकांनी सोडवलं. त्याच आठवड्यात बन्सीनं बजाजनगरच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि सरू-बद्रीला घेऊन गेला. आईला चल म्हणाला नाही. जाताना भेटेल त्याला सांगत गेला, "सख्ख्या आईनं मला चव्हाट्यावर आनलं. मायनंच घात केला." आणि लोक हळहळले. त्याच्यासाठी! मला अजूनही हे आठवलं की कानशिलं तापतात. चतुराबाईंना मी बालवाडीच्या मागच्या खोलीत जागा करून दिली. सरू एकदाच बद्रीला घेऊन चोरून येऊन गेली. पोरगं वाळलेलं, पण खोकला ओसरला होता. पुढं बन्सीनं तेही बंद केलं.

पुढच्या महिन्यात सिस्टर आल्या तेव्हा बालवाडीबाहेर एवढी रांग लागली की त्यांनी आणखी लस मागवली. दगडाबाईचा मुलगा घाटीतून वाचून घरी आला होता. तीही त्याला घेऊन रांगेत होती. नेहमीच्या सवयीनं चतुराबाई सिस्टरशेजारी मांडी घालून बसल्या होत्या. एकेक पोर मांडीवर घ्यायचं, पाय घट्ट धरायचा, सुई झाली की आईच्या हातात द्यायचं.

दगडाबाईची पाळी आली. चतुराबाईंनी हात पुढं केले. तिनं पोर त्यांच्या हातांत न देता माझ्याकडं धरलं.

"तुम्ही घ्या, बाई. त्यांच्याकडं नको. स्वतःच्या लेकाला नाय सोडलं त्यांनी, माझ्या लेकराला काय धरतील?"

मागच्या एक-दोघींनी माना हलवल्या. त्यांच्या पोरांना सुया मिळत होत्या त्या कुणामुळं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मी तोंड उघडलं होतं, दगडाबाईला खडे बोल सुनावणार होते. पण चतुराबाई माझ्याआधी बोलल्या, अगदी शांतपणे.

"नको देऊ माझ्याकडं, माय. फुडची सुई चुकवू नको, म्हंजे झालं."

मग त्या उठल्या, पदर खोचला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. पोर मी धरलं. रांग संपेपर्यंत त्या आत आल्या नाहीत.