चालू इंजिनाचं तेल

मंगळवार, नऊ जानेवारी. गाडी गॅरेजला नेणे. आमची वीस वर्षांची आलिशान ऑटोमॅटिक गाडी चढावर नुसतीच गुरगुरते, पुढे सरकत नाही. नवऱ्याने घरबसल्या निकाल दिला होता, “गिअरबॉक्स गेला. दे भंगारात.”

मेकॅनिक सलीमभाईंना मी ठणकावलं, “गिअरचं तेल दर रविवारी मी स्वतः बघते. भरलेलं असतं.”

“इंजिन बंद ठेवून बघता ना, ताई?” त्यांनी इंजिन चालू केलं आणि तेल मोजायची पट्टी ओढली. तेल पार तळाला. मग आपण दूध हुंगतो तशी त्यांनी पट्टी हुंगली. “जळका वास नाही. गिअरबॉक्स वाचला. खालचं पॅकिंग गळतंय, बदलू.”

इंजिन बंद असलं की तेल खाली साचतं आणि भरलेलं दिसतं. माणसांचंही तसंच असावं. आरामखुर्चीत कोण ठणठणीत नसतं? आमचे हे तर रोज असतात.

संध्याकाळी नवं पॅकिंग, नवं तेल घेऊन गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना शेजारी बसवून मी टेकडीकडच्या चढावर गाडी एका दमात चढवली. रस्ता संपतो तिथे, टेकडीच्या पायथ्याशी थांबवली आणि म्हटलं, “उतरा आता. इथून पुढचा चढ तुमचा.”