मागची खोली रेकॉर्ड्स

ताईला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. ती गुणगुणायला लागली की धाकटा भाऊ कानांत बोटं घालायचा आणि ती हसून गप्प व्हायची. तरी त्या शहरात जुन्या गाण्यांचे वेडे अजून ज्या रेकॉर्ड कंपनीचं नाव काढतात, ती तिनेच उभी केली होती, वडिलांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागे. कंपनी म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. एक टेबल, एक टेलिफोन, भिंतीला टेकवून रचलेली खोकी आणि कोपऱ्यात वाफेची जुनी प्रेस, एवढाच सगळा पसारा.

आई गेली तेव्हा धाकटा बूटही उलटसुलट घालायचा, इतका लहान होता. त्याला वाढवलं ताईनेच. दुकान सांभाळायचं, वडिलांचं डोकं तापलं की ते थंड करायचं आणि या पोराला शाळेत घालायचं, यातच तिचं स्वतःचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं होतं. पण ती त्याबद्दल बोलायची नाही.

धाकटा मोठा झाला आणि गावातली गोदी बंद पडली. त्याच्या वयाची निम्मी पोरं घरी बसली. बसून बसून करायचं काय, तर कुणी दारूला लागलं आणि कुणी गिटारीला. धाकट्याने एका गोदी कामगाराकडून जुनी बेस गिटार उचलून आणली. दुकान बंद झालं की मागच्या खोलीत कोटांच्या रांगांमध्ये उभं राहून तो आणि त्याचे दोन साथीदार वाजवायचे. ड्रमवर होता एक प्लंबर, हाताला सतत सीलंटचा वास येणारा. गिटार आणि गाणं दोन्ही एका मुलीकडे. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि गायचीही तशीच. पलीकडचा माणूस फोन उचलणार नाही हे आधीच ठाऊक असल्यासारखा कोरडा, सपाट आवाज. सगळे तिला ऑपरेटरच म्हणत.

त्या काळी पंक रॉकची आरडाओरड ओसरत आली होती. तिच्यानंतर जे उरलं, रिकाम्या गोदामात कुणीतरी चालत असल्यासारखं थंड, ठोकेदार संगीत, त्याला पुढे जाणकारांनी पोस्ट-पंक असं नाव दिलं. वडील त्याला साधं ‘ठोकाठोकी’ म्हणायचे. ताई मात्र कपड्यांना टॅग लावता लावता ऐकत राहायची. त्या सगळ्यात बेस पुढे असायचा. गिटार मागे कुठेतरी खरखरायची आणि गाण्याची चाल धाकट्याच्या बोटांतून चालायची. आपला भाऊ घरात दिवसभरात चार वाक्यं बोलत नाही, त्याचं बोलणं हे आहे, असं तिला वाटायचं.

मोठ्या कंपन्यांनी टेप परत पाठवली. एकीने तर सोबत लिहिलं होतं की गाणाऱ्या मुलीला सर्दी झालेली दिसते. ताईला राग आला, आणि ताईला राग आला की ती भांडायची नाही, कामाला लागायची. लहान मुलांच्या गोष्टींच्या रेकॉर्ड बनवणारा एक कारखाना दोन स्टेशनं पलीकडे होता. तिथल्या मॅनेजरला तिने इतके दिवस पिडलं की शेवटी हिच्या तावडीतून सुटावं म्हणून तो तयार झाला. वेष्टनाला छापखाना परवडणार नव्हता. तिने पुठ्ठ्यावर दुकानाचा कपडे गुंडाळायचा खाकी कागद चिकटवला. खळीने तो सुरकुतायचा, म्हणून वर कापड टाकून प्रेसखाली सपाट करायचा. मग रबरी शिक्का मारायचा : ‘मागची खोली’. नाव ठेवायला कुणी बसलं नव्हतं, रेकॉर्ड कुठून आली तेवढंच तिने लिहिलं होतं.

रेडिओवरच्या एका निवेदकाने ती रेकॉर्ड लावली, आवडली म्हणून पुन्हा लावली. लांबलांबून पोरं दुकानात येऊ लागली. काउंटरवर वडील उभे असायचे. काळा ओव्हरकोट घातलेला पोरगा आला की तो कोट धुवायला आलाय की रेकॉर्ड घ्यायला, हे त्यांना कळत नसे. ते आधी त्याची कॉलर बघायचे आणि म्हणायचे, “धुवायलाच हवाय.” अशी बरीच गिऱ्हाइकं त्यांनी दोन्ही धंद्यांना मिळवून दिली.

ती दोनेक वर्षं ताईच्या आयुष्यातली खरी सुखाची. दुसऱ्या रेकॉर्डची गाणी तयार झाली. सगळ्या चाली धाकट्याने बसवल्या होत्या. स्टुडिओच्या तारखा ठरल्या. दरम्यान पहिल्या रेकॉर्डला पुन्हा मागणी आली आणि वेष्टनांचं काम अंगावर पडलं. त्या दिवशी दुपारी ताई कारखान्यात गेली होती. नव्या प्रती ऐकून बघायच्या होत्या, आणि ते काम ती दुसऱ्या कुणावर सोडायची नाही. प्रेसवर धाकटा होता. सकाळपासून एकटाच उभा होता, थकला होता. पुठ्ठा जरा वाकडा बसला म्हणून डाव्या हाताने तो सरळ करायला गेला, आणि पाय प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर पडला.

ताई परत आली तेव्हा दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या चांभाराने तिला हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि मान खाली घालून पुन्हा शिवायला लागला. त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

बोटं राहिली, पण राहिली एवढंच. डाव्या हाताची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत, कातडी आखडून त्यांची एक मोळी झाली. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, आणि धाकट्याने मान डोलावली. हॉस्पिटलात ताई रोज जायची. उशाशी बसायची, संत्रं सोलायची. दोघांपैकी कुणी बेसचा विषय काढला नाही.

इकडे स्टुडिओच्या तारखा जवळ आल्या. पुढे ढकलायच्या तर वर्षभर मिळणार नव्हत्या. ऑपरेटर रडकुंडीला आली होती, प्लंबर म्हणत होता आपण थांबू. ताईने ठरवलं. कवळ्या बनवणाऱ्याच्या दुकानात एक मुलगा होता, तो बेस वाजवायचा. सगळे त्याला कवळीच म्हणत. त्याला बोलावून तिने धाकट्याच्या चाली बसवून घ्यायला लावल्या. भाऊ बरा होईपर्यंत बँड जिवंत राहायला हवा, अशी तिने स्वतःची समजूत घातली. त्याला विचारून कशाला त्याच्या जखमेवर मीठ चोळायचं, असंही तिला वाटलं. तिचा हेतू वाईट नव्हता, हे कुणीही सांगेल.

दुसरी रेकॉर्ड निघाली आणि ‘मागची खोली’चं नाव सर्वदूर झालं. आजही या लेबलचं, म्हणजे कंपनीचं, नाव निघालं की लोक तीच रेकॉर्ड सांगतात. पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीने ऑपरेटरला एकटीला उचललं. ती निरोप घ्यायला आली तेव्हा ताईने तिचा कोट प्रेस करून दिला आणि म्हणाली, “जा तू. इथे राहून तुझं काय होणार?” प्लंबर नळांकडे परत गेला, कवळी कवळ्यांकडे.

ताईने मात्र लेबल चालवलं. दुसऱ्या पोरांच्या रेकॉर्ड काढल्या, काही बऱ्या, काही अगदीच सुमार. धाकट्याने काउंटर धरला. वडील थकले होते, मग गेले. धाकटा एका हाताने हँगर उतरवायचा, दाताने दोरा तोडायचा, गिऱ्हाइकांशी नीट वागायचा. रेकॉर्ड मागायला कुणी आलं की म्हणायचा, “ताईला विचारा.” मागच्या खोलीत तो पाऊल टाकत नसे. प्रेसची भीती बसली असेल, असं ताईने धरलं. तिने जुनी प्रेस भंगारात काढली, नवी पुढच्या बाजूला बसवली. तरीही तो मागे आला नाही.

पुढे वितरकाने गाशा गुंडाळला. न खपलेल्या रेकॉर्डची खोकी परत आली आणि खिडकीपर्यंत रचली गेली. लेबल बंद झालं तेव्हा बातमीसुद्धा आली नाही, फक्त टेलिफोन वाजायचा थांबला.

दोघं दुकानावरच्या घरात राहत होती. सकाळी चहा, दिवसभर दुकान, संध्याकाळी जेवण आणि बातम्या. बोलणं डागांबद्दल, हवेबद्दल, गिऱ्हाइकांच्या खोडींबद्दल. धाकट्याने लग्न केलं नाही. ताईला त्याचा हात दिसला की ती नजर दुसरीकडे वळवायची. आपण त्या दिवशी कारखान्यात गेलो नसतो तर, हा विचार तिच्या मनाला असा चिकटला होता की तो कुठल्याच द्रावणाने निघेना. भाऊ आपल्याला मनातून दोष देतो, याबद्दल तिची खात्री होती.

दोघांचे केस पिकल्यावर एक दिवस फोन आला. जुन्या रेकॉर्ड नव्याने काढणारी एक कंपनी होती, बोलणारा माणूस सभ्य होता. त्याला दुसरी रेकॉर्ड हवी होती. ऑपरेटरने होकार दिला होता. आता सगळ्यांची संमती लागणार होती, चाली बांधणाऱ्याचीसुद्धा. ताईने दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला. बोलता बोलता तिचा तोल सुटला. इतकी वर्षं दाबलेलं बाहेर आलं : मी घरी असते तर तुझा हात वाचला असता, माझ्या वेडापायी तुझं वाटोळं झालं.

धाकट्याने चमचा खाली ठेवला.

“हाताचं काय घेऊन बसलीस, ताई? हात माझा, पायही माझाच. तू असतीस तर तुझा हात गेला असता.”

“मग मागच्या खोलीत का येत नाहीस?”

ताटाकडेच बघत तो म्हणाला, “हॉस्पिटलातून मला बाबांनी घरी आणलं, तेव्हा आत माझं गाणं चालू होतं. मला वाटलं, टेप लावली असशील. दारापर्यंत आलो. कवळीच्या गळ्यात माझा बेस होता.”

“तुला त्रास होईल म्हणून विचारलं नाही रे.”

“विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं.”

काहीतरी बोलायचं म्हणून ताई म्हणाली, “तो काही तुझ्यासारखा वाजवत नव्हता.”

“नको, ताई. तुझे कान खोटं बोलत नाहीत, तू बोलू नकोस. तो चांगला वाजवत होता. मी दाराआड उभा राहून सगळं ऐकलं. कुठे अडकतोय का, वाट बघत होतो. नाही अडकला.”

त्याने ताट उचललं, धुतलं आणि झोपायला गेला.

बोलून टाकलं की मन हलकं होतं, असं लोक समजतात. इथे उलटं झालं. अपघाताचा दोष ताईने इतकी वर्षं अंगावर बाळगला होता आणि आता कळलं की तो तिचा नव्हताच. जी गोष्ट तिने चांगुलपणाने केली होती, तीच त्याच्या आत सलत राहिली होती. आणि माफी मागायला जावं तर भाऊ भांडतही नव्हता. पुढचे कित्येक दिवस दोघं एकमेकांना वाट देत जिन्यावरून चढत-उतरत राहिली, भाडेकरूंसारखी.

तिने फोनवर नकार कळवायचं ठरवलं. धाकट्यानेच तिला अडवलं. “आता नाही म्हणून कुणाचं भलं होणार आहे? ऑपरेटर म्हातारी झालीय, प्लंबर तर राहिलाच नाही. येऊ दे रेकॉर्ड.” त्याने उजव्या हाताने सही केली. ताईने कंपनीला एकच अट घातली : बेसच्या सगळ्या चाली धाकट्याच्या, असं स्पष्ट छापायचं.

हिवाळा संपता संपता पार्सल आलं. चकचकीत वेष्टन होतं, खाकी कागदाचा फोटो काढून छापलेला, सुरकुत्यांसकट. धाकट्याने मागची बाजू उलटून चष्म्याजवळ धरली आणि सगळं सावकाश वाचलं.

“आडनाव चुकवलंय,” तो म्हणाला.

ताईने बघितलं. खरंच एक अक्षर चुकलं होतं. ती लगेच फोनकडे निघाली, पण तो म्हणाला राहू दे, आणि रेकॉर्ड टेबलावर ठेवून खाली गेला, कारण दुकानात कुणीतरी आलं होतं. ती रेकॉर्ड त्याने ऐकली की नाही, ताईला माहीत नाही. तिने एकदा लावली होती. दुसरं गाणं सुरू होताच सुई उचलून ठेवली.

त्याच वर्षी धाकट्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. म्हणाला, बऱ्याच वर्षांपासून मनात होतं. ताईने त्याचे शर्ट घड्या करून बॅगेत भरले, कुठल्या शर्टाला गरम पाणी चालत नाही ते सांगितलं. दुकान तिने पुढे विकून टाकलं, वरचं घर तेवढं ठेवलं. खोकी एका संग्राहकाने नेली.

रविवारी तो येतो. दोघं जेवतात. कोटाचं बटण निघालं असेल तर तो सोबत घेऊन येतो, एका हाताने ते लावता येत नाही म्हणून. ताई सुईत दोरा ओवते. आता तिला तीनचार वेळा प्रयत्न करावा लागतो. तो समोर बसून वाट बघतो, आणि बटण लागलं की उठतो.