बाबांनी शिवलेलं पुस्तक

गेल्या मंगळवारी वर्ध्याजवळच्या आंजी गावाला गेले होते. तिथल्या एका महिला बचत गटाची वेबसाइट मी बनवते आहे... तिखट, तूरडाळ, मूगवड्या त्यांना ऑनलाइन विकायच्या आहेत. चार वाजता सगळ्याजणी बघायला येणार होत्या, आणि पुढचं काम द्यायचं की नाही ते त्यावरच ठरणार होतं.

तीनला लक्षात आलं, ऑर्डरचा फॉर्म मोबाइलच्या आकारात पार विस्कटतोय. नेमकं रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून नेट गेलेलं. फोनलाही रेंज नाही... सर्च करून कोड लिहायची सवय, त्यामुळे नेमकं काय लिहायचं तेच आठवेना.

गटाच्या अध्यक्ष ताई दारातून म्हणाल्या, "काऊन वो मॅडम, फॅन तं सुरू हाये. मंग घाम काऊन फुटून राह्यला?"

माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक पुस्तक असतं. वेब प्रोग्रामिंगचं, तळहातात मावेल एवढं. ते काही शिकवत वगैरे नाही... कुठली गोष्ट कशी लिहायची तेवढंच, एबीसीडीच्या क्रमाने. कॉलेजात माझ्याकडे लॅपटॉप नव्हता तेव्हा देवळी-वर्धा बसमध्ये मी हेच घोकायची. घोकून घोकून सगळी पानं सुटी झाली.

माझे बाबा देवळीत शिवणकाम करायचे. एक दिवस मला न सांगता त्यांनी ते पुस्तक जाड दोऱ्याने शिवलं, पँटच्या कापडाचं कव्हर घातलं. मी उघडलं तर सगळा क्रम उलटापालटा... परीक्षा तोंडावर आलेली.

मी ओरडले, "वाट लावली बाबा तुमी! इंग्रजी येत नाई तं हात काऊन लावला?"

"मले वाटलं..." एवढंच ते म्हणाले. पुढचं मी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी नवीन पुस्तक घेतलं.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून त्यांनी शिवलेलं ते पुस्तक मी बॅगेत ठेवते. उघडत मात्र नव्हते... नुसतं जवळ असावं म्हणून.

त्या दिवशी उघडावं लागलं. मला हवं होतं ते पहिल्याच पानावर होतं. त्यानंतर लागलं ते तिसऱ्यावर. मी नेहमी विसरते ते सगळं सुरुवातीलाच... वीस मिनिटांत फॉर्म जागेवर बसला.

बाया खूश झाल्या. एक आजी म्हणाल्या, "आता माह्या मूगवड्या नागपूरले जातीन, अन् मी इथंच राहीन!" सगळ्या हसल्या. मी पुस्तकाकडेच बघत होते. पुढची पानं सगळ्यात मळकी, मधली कमी, शेवटची कोरी करकरीत. आणि प्रत्येक पानावर नंबर होता... इंग्रजी आकडे तर बाबा रोज मापाच्या टेपवर वाचायचे. क्रम चुकणं शक्यच नव्हतं.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती पालक निवडत होती.

"तुह्या बोटायचे डाग पाहू पाहू लावले त्यायनं," ती म्हणाली. "मापाच्या वहीत नेहमीच्या गिऱ्हाइकायचे पानं समोर ठेवत ना, तसेच. दोन दिवस मशीन बंद होती त्याच्यापायी."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

आईने वर पाहिलंही नाही. "सांगतच होते ना ते."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. एबीसीडीचा क्रम मला पाठ होता... माझा क्रम मात्र चौथी शिकलेल्या माझ्या बापाला ठाऊक होता. तेव्हा घेतलेलं नवीन पुस्तक मी आता ऑफिसच्या मुलींना देऊन टाकलं.

बाबा, तुमचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. मी ते आता वाचलं... पहिल्याच पानावर होतं.