ऊन नाल्याकाठची अक्का

पाण्यात पाय टाकण्याआधी ती उजव्या हाताची पालथी बाजू पाण्याला लावायची. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तशी. थोडा वेळ तशीच वाकून राहायची, मग पाणी गरम लागलं की म्हणायची, "ऊन शे." आणि मगच पदर खोचून पायरी उतरायची.

मी रोज सकाळी तिथे असायचे, कारण त्या पाण्याचा नमुना घेणं हे माझं काम होतं. तापीकाठच्या एका वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. मी राहायचे पिंप्राळ्याला, तिथून आमची बस निघायची. कोळशावर चालणारा जुना संच थंड ठेवायला नदीचं पाणी आत घेत, आणि यंत्रांतून फिरून गरम झालेलं ते पाणी सिमेंटच्या एका रुंद नाल्यातून पुन्हा नदीकडे सोडून देत. कागदोपत्री त्या नाल्याला लांबलचक नाव होतं. वस्तीत सगळे त्याला ऊन नाला म्हणत.

हिवाळ्यात त्या नाल्यावर वाफेचा पडदा धरायचा. समोरचा काठ दिसत नसे. आंघोळीला आलेली माणसं कमरेपासून वर तेवढी दिसत, आणि एखादा दोन पावलं आत गेला की तोही नाहीसा व्हायचा. नुसता पाण्याचा आणि खाकरण्याचा आवाज यायचा. तुम्ही तिथे उभे असता तर तुम्हीही, समोर कोण कोण आहे हे पुन्हा पुन्हा पाहिलं असतं. मी पाहायचे.

अक्का कामगारांचे बॉयलरसूट धुवायची. तेलाचे डाग गार पाण्यात हलत नाहीत, त्या पाण्यात सुटायचे, म्हणून तिचा धंदा चालला होता. खिशात सापडलेले पेन, किल्ल्या ती जपून परत करायची. तंबाखूच्या पुड्या मात्र न विचारता नाल्यात जायच्या. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "घरनी बाई नही का सांगाले?" पाळीवरचे मोठे साहेबसुद्धा तिच्याकडे कपडे टाकण्याआधी खिसे चाचपून घेत.

मी तापमापक पाण्यातून काढला की तिचा प्रश्न ठरलेला. मी आकडा सांगायचे.

"आकडा राहू दे ताई. ऊन शे का नही, तितलं सांग."

ऊन आहे, म्हटलं की तिचा चेहरा सुटायचा. मूळची ती धुळ्याकडची, साक्रीच्या बाजूची. इतकी वर्षं इकडे राहूनही तिची बोली जराही सरकली नव्हती.

तिच्या नवऱ्याचं मला प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीसबाईंनी सांगितलं. तो रेल्वेने येणाऱ्या कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायच्या कामावर होता. संध्याकाळी काळाठिक्कर होऊन यायचा आणि घरी न जाता सरळ ऊन नाल्यात उतरायचा. एका हिवाळ्यात त्याचे कपडे पायरीवर घडी करून ठेवलेले सापडले आणि तो सापडला नाही. पोहणारे उतरले, गळ टाकले, पार नदीपर्यंत शोधलं. काहीजण म्हणाले, वाहून गेला. काहीजण म्हणाले, गुजरातेत कामाला पळाला असेल, दुसरे कपडे घालून. अक्का दोन्ही ऐकून घ्यायची. तिने कुंकू पुसलं नाही आणि वाटही पाहत बसली नाही. तिच्या लेखी तो कुठे आहे हे ठरलेलंच होतं.

हे मला कळल्यावर तिच्या धुण्यातला एक पुरुषी आकाशी सदरा माझ्या लक्षात यायला लागला. बॉयलरसूट सगळे धुऊन झाले की ती तो एकच सदरा शेवटी काढायची. कुणाच्या अंगात तो कधी दिसला नाही. घरी जाताना ती तो घडी करून वरच्या पायरीवर ठेवून जायची आणि सकाळी आल्यावर तोच धुवायला घ्यायची. पिळला की पाणी काळं निघायचं. त्याचं मला नवल वाटलं नव्हतं. कोळशाच्या ढिगाऱ्याशेजारी रात्रभर उघड्यावर राहिलेलं कुठलंही कापड तसंच होणार. केंद्राच्या कामगार कॉलनीत दोरीवरची पांढरी चादर तासाभरात राखाडी होई, पोरं बारा महिने खोकत असत.

म्हणूनच जुना संच कायमचा बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे सांगून टाकते. संच म्हातारा झाला होता, कोळसा फार खायचा आणि धूर त्याहून जास्त सोडायचा. आता धोरणच बदललं होतं. राखेच्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर सौर पॅनेल बसणार होती. शिरपूर-साक्रीकडे पवनचक्क्या होत्याच, आता आमच्या डोळ्यांसमोरही स्वच्छ वीज होणार, याचा मला आनंद होता. कंत्राटी कामगारांचे चेहरे उतरलेले होते, तेही दिसत होतं.

अक्काला मीच सांगितलं. तिने आधी विचारलं, दरवर्षी दुरुस्तीला बंद ठेवतात तसं का? मी म्हटलं, नाही, कायमचं. तिने हातातला सूट पाण्यातच सोडून दिला. तो वाहत चालला तेव्हा मी काठाकाठाने धावून काठीने ओढून काढला. ती जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांना भेटायला आली. तिची बोली त्यांना कळावी म्हणून मला बोलावलं. साहेब विदर्भातले, स्वभावाने मऊ. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिचं काम जाणार म्हणून ती आली आहे, असं त्यांना वाटलं. पॅनेल पुसायला बायांचा बचत गट घेणार आहोत, त्यात तुमचं नाव पहिलं घालतो, असं ते म्हणाले. अक्काने चहाला हात लावला नाही.

"त्यामाईन ऊन पानी निघस का?" तिने विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पॅनेलमधून गरम पाणी निघतं का, असं विचारत आहेत, मी म्हटलं.

साहेब हसले. काही निघत नाही हो अक्का, धूर नाही, राख नाही, पाणी नाही, हाच तर त्याचा फायदा, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिने हात जोडले आणि उठली. दाराबाहेर आल्यावर ती माझ्याकडे न पाहता, नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, "त्यासले थंडी सोसस नही, ताई."

संच बंद झाला त्या सकाळी चिमणीतून काहीच निघत नव्हतं. इतकी वर्षं कानात बसलेली घरघर थांबली होती आणि माणसं उगाच मोठ्याने बोलत होती. नाल्यावर वाफ नव्हती. हिवाळ्याच्या सकाळी पहिल्यांदाच मला पलीकडचा काठ सरळ दिसला. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, बाभळी आणि एक पडकी भिंत. अक्काने हाताची पालथी बाजू पाण्याला लावली, आणि पायरी न उतरता घरी परतली.

थोड्या वेळाने ती डोक्यावर हंडा घेऊन आली. चुलीवर तापवलेलं पाणी होतं. तिने ते पायरीशी बसून हळूहळू नाल्यात ओतलं. जरा वाफ उठली आणि गेली.

ती रोज तसं करायला लागली. आधी बाया हसल्या. मग हसणं थांबलं, कारण ती ओतताना खालच्या आवाजात बोलायची, आणि मध्ये थांबायची. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तेवढीच. मी एकदा पाठीमागे उभी राहून ऐकलं. घरातलंच काहीबाही बोलत होती. पत्रा गळतो, बहिणीचा निरोप आला होता, गुडघा दुखतो. गुडघ्याचं सांगून ती थांबली, ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "लावस ना, तेलच लावस." मी आवाज न करता मागे सरकले.

त्याच दिवसांत तो सदरा पुन्हा माझ्या डोळ्यांत आला. कोळशाची शेवटची वाघीण जाऊन बरेच दिवस झाले होते. ढिगाऱ्याची जागा झाडून धुऊन काढली होती. कॉलनीत चादरी पांढऱ्या राहत होत्या. अक्काने सदरा पिळला आणि पाणी काळं निघालं. पायरीवरून ओघळ आला तो मी बोटाने टिपला, चिमटीत चोळला. बारीक, चमकदार पूड होती. पाण्यासारखाच कोळसाही मी रोज तपासलेला आहे. मला ओळखायला प्रयोगशाळेत जावं लागलं नाही.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. तिला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. रोजचंच धुणं होतं.

घरी आल्यावर मी हे कुणाला सांगितलं नाही. पण आमच्या गच्चीवर सोलर हीटर आहे. सकाळी बस पकडण्याआधी त्याचं कढत पाणी मी मोठ्या थर्मासमध्ये भरलं. का, ते विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. नाल्यावर मी तो तिच्यासमोर ठेवला. तिने झाकण उघडून हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"हाई कशावर तपाडं, ताई?"

सूर्यावर, मी म्हटलं. छतावर नळ्या आहेत, ऊन पडलं की आतलं पाणी तापतं, लाकूड नाही की कोळसा नाही. तिने मान वर करून सूर्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहत राहिली.

"तो ते रोज उगस," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा सुटलेला मी पाहिला. थर्मास तिने सगळा ओतला आणि रिकामा मला परत देताना आतून पदराने पुसून दिला.

मी तसं पाणी नेत राहिले. पुढे फार दिवस न्यावं लागलं नाही, कारण नाला उपसायचा हुकूम आला. पाणी वाहत नसल्याने त्यात डास झाले होते, शिवाय नव्या कामासाठी तो बुजवायचा होता. वरचं दार बंद केलं, पंप लावले.

पाणी उतरायला लागलं तशी वस्ती काठावर जमली. कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळे कशासाठी आले होते ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. अक्का वरच्या पायरीवर बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी सोडून माणसं उभी होती.

गाळ उघडा पडला. सायकलचा सांगाडा निघाला. घागरी, चपला, विसर्जनातल्या मूर्ती, कुणाचा तरी पाटा. कामगार कमरेएवढ्या गाळात काठ्या खुपसत नदीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. माणसाचं म्हणावं असं काहीही निघालं नाही. हाड नाही, दात नाही. काठावरची माणसं मोकळी झाल्यासारखी बोलायला लागली. मी अक्काशेजारी जाऊन बसले. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती कुतूहलाने पाहत होती, पाहुण्यांच्या घरात पाहावं तसं.

दुसऱ्या सकाळी मी सवयीने नाल्यावर गेले. घ्यायला नमुना नव्हता. पहारेकरी काठावर उभा होता आणि त्याने मला खूण करून बोलावलं.

गाळ वरून सुकायला लागला होता. त्यावर अनवाणी पावलांची एक रांग होती. नाल्याच्या मधोमध सुरू होऊन पायऱ्यांपर्यंत आलेली. रुंद पंजे, टाच खोल रुतलेली, जड माणसाची चाल. पितळ शोधायला कुणीतरी उतरलं असेल, पहारेकरी म्हणाला. मी म्हटलं, मग आत जातानाची पावलं कुठे आहेत? तेच मला विचारायला तो तिथे उभा होता.

अक्का कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. तिने ती रांग नाल्याच्या मध्यापासून पायरीपर्यंत नजरेने चालून घेतली. चिखलाचे ठसे पायऱ्यांवरही होते, वर येईतो पुसट झालेले. वरच्या पायरीवर सदरा नव्हता.

"चपला बी नही घाल्यात," ती पुटपुटली. घरच्या माणसावर चिडावं तेवढीच चिडली होती. मग पदर सावरून घराकडे गेली. घाईने, गुडघा दुखणारी बाई जाणार नाही इतक्या घाईने.

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. दोन-तीन दिवस ती दिसली नाही म्हणून मी वस्तीत गेले. घराला कुलूप होतं. अंगण सारवलेलं होतं. बॉयलरसूट ज्याचे त्याच्या घरी धुऊन पोचते केले होते. शेजारीण म्हणाली, अक्का गावी गेली, साक्रीकडे. शेजारणीचं माहेर धुळ्याला, त्या दिवशी ती त्याच गाडीत होती.

मी तिला विचारलं, एकटीच गेली का?

शेजारीण उंबऱ्यावर बसली. तिने जे सांगितलं ते असं. वाहक आला तेव्हा अक्काने दोन तिकिटं मागितली, एक अर्धं आणि एक पूर्ण. अर्धं बायांचं, ते वाहकाला कळलं. पूर्ण कुणाचं, त्याने विचारलं. "त्यासनं," अक्का म्हणाली आणि पैसे पुढे केले. गाडीला गर्दी होती, माणसं उभी होती, पण अक्काच्या बाजूच्या खिडकीच्या जागेवर कुणी बसलं नाही. बसा म्हणून कुणी सांगितलं नाही, बसू नका म्हणूनही नाही. ज्याची नजर तिकडे जाई तो दांडा धरून उभाच राहत होता.

तुला काही दिसलं का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली, मी तिकडे पाहिलंच नाही.

धुळ्याला गाडी रिकामी झाली. अक्का आधी खाली उतरली आणि दाराच्या बाजूला सरून उभी राहिली. एक हात तिने वर, पायरीकडे धरला होता. मागे उतरायला कुणी नव्हतं, तरी वाहक घंटीची दोरी हातात धरून थांबून राहिला. मग तिने हात खाली घेतला, वाहकाकडे पाहून मान हलवली, आणि त्याने घंटी वाजवली.