पुतळ्याच्या पाठीवरचं बाळ

बाळाला दूध पाजायला म्हणून आम्ही त्या गावाच्या चौकात गाडी थांबवली. लेक आणि जावई अमेरिकेच्या पूर्व टोकाचं बिऱ्हाड आवरून पार पश्चिमेला निघाले होते, चार महिन्यांच्या माझ्या नातवाला घेऊन. चौकात बुटक्या चौथऱ्यावर एक काळपट पुतळा होता. दोनशे वर्षांपूर्वी पश्चिमेची वाट शोधायला निघालेले दोन कप्तान, आणि त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून गेलेली, तिथल्याच आदिवासींपैकी एक पोरसवदा बाई, पाठीवर तान्हं बाळ बांधलेली. एका कप्तानाने हात लांबवून पश्चिम दाखवली होती. बाई मात्र पायाखालची जमीन बघत होती.

"ही नसती तर यांचं काही खरं नव्हतं," जावई म्हणाले.

माझं लक्ष कप्तानांकडे नव्हतंच. थंडीत तिने त्या बाळाचे लंगोट कुठे वाळवले असतील? त्याला ताप आला तेव्हा कुणाला विचारलं असेल? हिची आई कुठे होती, तिने अडवलं कसं नाही? मी तरी कुठे अडवलं होतं म्हणा.

"आई, चल ना," लेकीने हाक मारली.

प्रवासाला निघताना तान्ह्याला तीट लावतात, म्हणून मी पर्समधली डबी काढून नातवाच्या गालाला काजळाचं बोट लावलं. बोटावर थोडं उरलं. ते मी त्या धातूच्या बाळाच्या गालाला लावलं.

काळ्यावर काळं, ते दिसेना. लागलं की नाही, एवढंच बघायला मी गाडीतून कितीदा तरी मागे वळले.